गाडी चुकायचीय काय ह्यांना?

बेळगाव,
गटारीच्या दोन दिवस आधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. इथं पावसानं चार दिवस उसंत दिलेली नाही. दारं फुगलीत, पापड मऊ पडलेत आणि माझ्या कॅसेटींवर बुरशी आलीय. माळ्यावरची पेटी खाली काढून एकेक पुसत बसलो होतो, तेवढ्यात पोस्टमन आला. तू लिहितोस, हल्लीच्या पोरांचं गाणं कानाच्या आत जातच नाही, भीमसेन गेले आणि मैफल उठली. लेका, असंच काहीसं तू 1987 सालीही म्हणाला होतास. फरक इतकाच की तेव्हा भीमसेन होते, आणि आपल्यासमोर मल्लिकार्जुन मन्सूर गात होते.

आठवतंय ना? लाल बसनं धारवाडला गेलो होतो, पायाखाली कुणाच्या तरी कोंबड्यांची पाटी. आपली तयारी काय, तर आमच्या बाबांची भीमसेनांची एकुलती एक कॅसेट, मियाँ मल्हार या पावसाळी रागाची. ती इतकी घासली होती की विलंबित एकताल, म्हणजे बारा मात्रांचा तो संथ ताल, म्हणजे भीमसेन आणि मल्हार म्हणजेही भीमसेनच, असा आपला पक्का हिशेब होता. एकेक सूर सावकाश उघडायचा, पुढच्या सुरावर जायला अर्धा तास घ्यायचा, मग ती गडगडणारी तान. गाणं म्हणजे एवढंच. आणि मन्सूर आले ते टोपी सारखी करून, षड्ज, म्हणजे सा, लावून, थेट बंदिशीत शिरले. आलाप नाही, प्रस्तावना नाही. तू माझ्या कानात म्हणालास, "गाडी चुकायचीय काय ह्यांना?" मी इतका हसलो की पुढच्या रांगेतल्या आजोबांनी मागं वळून बघितलं. परतताना आपण दोघांनी ठरवून टाकलं की म्हातारा घाईत असतो.

ते हसू पुढं मला बरीच वर्षं छळत राहिलं.

परवा पेटीत सापडली ती गौडमल्हारची टेप, हाही मल्हारातलाच एक राग. एका बाजूला मन्सूर, दुसऱ्या बाजूला किशोरीताई आमोणकर. दोघांचीही बंदिश एकच, "मान न करी री गोरी", म्हणजे अगं गोरी, रुसू नकोस. घराणंही एकच, जयपूर. त्याचे मूळपुरुष अल्लादिया खाँसाहेब. त्यांची विद्या मन्सूरांकडे आली ती खाँसाहेबांच्या मुलांकडून, मंजी खाँ आणि बुर्जी खाँ यांच्याकडून. किशोरीताईंकडे आली ती आईकडून, मोगूबाईंनी ती थेट खाँसाहेबांकडून घेतलेली. म्हणजे एकाच विहिरीचं पाणी. आणि ऐकशील तर थक्क होशील. मन्सूर त्रितालाच्या सोळा मात्रांत कुठंही मोकळी जागा सोडत नाहीत. सूर लयीच्या अंगानंच चालतो, बंदिशीचा शब्द तानेत गुंडाळला जातो, ऐकणाऱ्याला वाटतं की आता हे समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, पुढं निघून जाणार, आणि नेमक्या क्षणी समेवर असे येऊन बसतात की जणू तिथंच बसलेले होते. घाई नव्हतीच ती. श्वास घ्यायला थांबायचं नाही, एवढंच. ते कळायला मला बारा-तेरा वर्षं लागली, आणि कळलं तेही मन्सूर ऐकताना नाही. किशोरीताईंचा तोच राग ऐकत होतो. त्या "रे ग रे म ग रे सा" या गौडमल्हारच्या ओळखीच्या चालीत गंधारापाशी, म्हणजे ग या सुरापाशी, थोडं रेंगाळतात, मींडेनं, म्हणजे सूर घसरवत नेत, त्याला खालून हात लावतात. रुसलेली बाई मान वळवते की काय असं वाटतं. त्या रेंगाळण्यामुळं मला पहिल्यांदा दिसलं की मन्सूर त्याच जागेवरून न थांबता का जातात. त्यांच्याकडं रुसवा काढायला पाऊसच आलाय, आडवा, आपल्या इथल्यासारखा.

म्हणून तुझ्या पत्रावर माझं म्हणणं असं की भीमसेनांनी आपल्याला मल्हार दिला, पण त्या मल्हाराचं दार उघडलं ते दुसऱ्या मोठ्या गळ्यानं. एकच थोर गाणं ऐकलेला माणूस त्या गाण्यातच अडकून पडतो. मी पडलो होतो. तू अजून आहेस, राग मानू नकोस.

आणि तुझ्या भीमसेनांचंच बघ. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली "पिया बिन नाही आवत चैन" ही ठुमरी त्यांनी लहानपणी ऐकली. जुन्या तबकडीची एक बाजू, तीनेक मिनिटांचा ऐवज. त्यापायी पोरगा घर सोडून गुरूच्या शोधात पळाला. पण पुढं गायले ते काही खाँसाहेबांसारखं नव्हे. तो नाजूक, लवचिक आवाज कुठं आणि हा मेघासारखा कुठं! सवाई गंधर्वांकडं कुंदगोळला शिकले, केसरबाई केरकरांकडून घेतलं, अमीर खाँकडून घेतलं. तू मात्र त्यांच्यापाशीच थांबलास. मिरजेला खाँसाहेबांच्या समाधीवर आपण फुलं वाहिली होती, आठव.

कुमार गंधर्व तर आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे. लहानपणी बड्या बड्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवायचे, लोक तोंडात बोटं घालायचे. मग क्षय झाला, देवासला अंथरुणावर काही वर्षं गाणंच बंद. उठले तेव्हा नकलेचा मागमूस नव्हता. आखूड, तुटक, टोकदार स्वरवाक्यं. आजाराने दिलेली मर्यादाच त्यांनी रीत करून टाकली, असं मला वाटतं. खरं सांगायचं तर कुमार मला अजूनही सगळे पचत नाहीत. निर्गुणी भजनं पचतात, काही ख्याल डोक्यावरून जातात.

एक गंमत तुला कधी सांगितली नाही. बाबा सीमालढ्यात दोनदा तुरुंगात गेलेले, घरात कन्नड पेपर यायची बंदी. पण सकाळी धारवाड आकाशवाणीवर मन्सूरांनी गायलेलं "अक्क केळव्वा" हे कन्नड वचन लागलं की रेडिओपाशी जाऊन बटण फिरवायचं धाडस कुणाचं नव्हतं. बाबा दाढीचा ब्रश हातात धरून उभे. फेस सुकायचा. एकदा मी विचारलं, अर्थ काय हो याचा? म्हणाले, "मल्लिकार्जुनला माहीत आहे, तेवढं पुरे." शेजारच्या काकू "भाग्यदा लक्ष्मी बारम्मा" ऐकून भीमसेन आमचे म्हणायच्या, आई अभंगांवरून आमचे म्हणायची, आणि या भांडणात बाबांनी कधी तोंड घातलं नाही.

काल धाकटीनं फोनवर एका तरुण पोराचा गौडमल्हार ऐकवला. पहिल्या दोन मिनिटांत माझ्याही तोंडावर आलं होतं, ह्याला गाडी चुकायचीय काय. गिळलं. पुढं अंतऱ्यात त्यानं गंधार असा काही निसटता लावला की मी चहा ठेवून दिला. अजून मला तो पोरगा आवडलाय असं नाही. पण आज रात्री पुन्हा ऐकणार आहे.

बरं, कामाचं. टेपची मन्सूरांची बाजू द्रुतच्या, म्हणजे जलद भागाच्या, मध्यापासून पार गेलीय, नुसती खरखर. तू तेव्हा तिची प्रत करून घेतली होतीस, निळ्या झाकणाच्या डबीत. पुण्याच्या घरी माळ्यावर बघ. सापडली तर तुझ्या भाच्याच्या हाती पाठव. परतताना त्याच्याच हाती कुंदा देतो, अर्धा किलो. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
टिळकवाडीतला