विन्या, वजनकाटा जरा बाजूला ठेव

इंदूर, रविवार

प्रिय विन्या,

काल फोनवर तू ‘दोन महिन्यांत सात किलो उतरवले’ असं तोऱ्यात सांगितलंस, तेव्हा वहिनी शेजारी होत्या म्हणून मी गप्प बसलो. आता लिहितो, रागावू नकोस.

तुझं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.२ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ पासून मधुमेह धरतात. एवढ्यावरून तू रात्रीचं जेवण सोडलंस, सकाळी काकडी नि ताक, आणि रोज काट्यावर चढतोस. अरे भिया, सात किलोंत उतरलं काय, ते कुणी विचारलं का? जेवणानंतर रक्तात आलेली साखर सगळ्यांत जास्त ओढून घेतात ते स्नायू. वयाबरोबर ते झिजतातच, आणि उपाशी राहून वजन उतरवलं की चरबीबरोबर तेही जातात. पुढे तू जेवायला लागलास की (लागशीलच, तुला ओळखतो मी) परत येते ती बहुतेक चरबीच. काट्यावर जुना आकडा, आणि साखर घेणारे स्नायू मात्र आधीपेक्षा कमी.

‘वय झालं, चयापचय मंदावलं’ हे आपण चाळिशीपासून म्हणत आलो. २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात सहा हजारांहून जास्त लोकांच्या मोजणीचा अभ्यास आला. शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळपास तोच राहतो, खरी उतरण साठीनंतर. मग आपली चाळिशीतली पोटं कुठून आली? इथल्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतून, दुसरं काय!

‘मी कधी जाडा नव्हतोच’ हेही तुझं पालुपद. तुझ्याच पुण्यातले केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपली मंडळी अशीच, हातपाय काटकुळे आणि पोटात ऐवज. म्हणून काट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. आपल्याकडे पुरुषांच्या कंबरेला ९० सेंटिमीटरची मर्यादा सांगतात, बायकांना ८०. वहिनींचीही कंबर मोज, पण त्यांना विचारून.

वजन उतरवू नकोस असं नाही. २००२ साली अमेरिकेत उंबरठ्यावरच्या लोकांवरचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. लक्ष्य होतं सात टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्यासारखा व्यायाम. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, साठीपुढच्यांत तर ७१ टक्क्यांनी. तुझ्या ७८ किलोंचे सात टक्के म्हणजे साडेपाच, तेही सहा महिन्यांत. तू निघालास शर्यतीला.

मी काय करतो? पोहे सोडले नाहीत, इंदूरात राहून ते पाप होईल. प्लेट अर्धी, वर मोड आलेले मूग, शेव नावापुरती, जिरावन (आमचा इंदुरी मसाला) भरपूर. जलेबी रविवारीच, एक. जेवताना आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी, त्यानं साखर एकदम चढत नाही. जेवण झालं की लगेच गल्लीत दहा-पंधरा मिनिटं फेरी, कारण चालणारे स्नायू साखर खेचतात. आणि खुर्चीवरून हात न टेकता उठबस. ऐकायला पोरकट वाटतं, पण मांड्या बोंबलतात. प्रथिनं आपल्या वयात किलोमागे एक ग्रॅम तरी हवीत, पातळ वरणानं ते भागत नाही. तुमच्याकडे अंडी चालत नाहीत हे ठाऊक आहे, तेव्हा दही, पनीर, डाळी, सोयाबीन. फक्त आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघून घे, किडनी नाजूक असेल तर हा हिशेब डॉक्टरांनीच ठरवायचा.

हे सगळं सावकाश कर. पण एक गोष्ट आजच. तुझ्या मेव्हण्याच्या डब्यातली जी गोळी तू ‘मदत म्हणून’ घेतोस, ती ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या औषधाच्या जातीची असेल तर उपाशीपोटी साखर धाडकन खाली येते. घाम, हातापायांना कंप, कधी शुद्ध जाते, आणि आपल्या वयात पडलं की खुबा मोडतो. ती गोळी थांबव आणि उद्या सकाळी पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. तिथून निघालास की मला फोन कर, दुपारी मी घरीच आहे.

तुझा,
बंड्या