सत्तेचाळिसावा महिना

अरे दोस्ता,

तुझा मेसेज वाचला आणि आधी पोट धरून हसलो, सॉरी. बॅकअपच्या फाइलींना '२०२५-४७-०३' अशी नावं पडलीयत आणि तू विचारतोयस की हा सत्तेचाळिसावा महिना आला कुठून. बाबा तो महिना नाहीये, ती मिनिटं आहेत. लिनक्सच्या, तारीख-वेळ छापणाऱ्या डेट कमांडला प्लस देऊन पुढे जो फॉरमॅट लिहितो त्यात पर्सेंट स्मॉल एम म्हणजे महिना आणि पर्सेंट कॅपिटल एम म्हणजे मिनिट, तू कॅपिटल मारलंस. आणि का मारलंस तेही कळलं मला, दिवसभर विंडोजच्या पॉवरशेलमध्ये कमांड लिहीत असतोस ना, तिथे गेट-डेटच्या फॉरमॅटमध्ये बरोब्बर उलटं, कॅपिटल एम एम महिना आणि स्मॉल एम एम मिनिट. ज्याने कोणी हे ठरवलं त्याला एकदा भेटायचंय मला.

पण हसू लगेच थांबलं माझं, कारण मग लक्षात आलं की तुझी स्क्रिप्ट रोज रात्री २ वाजून ४७ मिनिटांनीच चालते. म्हणजे मिनिट कायम ४७. म्हणजे ३ जानेवारीची फाइल '२०२५-४७-०३' आणि ३ फेब्रुवारीची पण '२०२५-४७-०३', नवीन येते ती जुनीवर बसते. तुझ्याकडे ३१ च्या वर फाइली कधी साठल्याच नाहीत, बघ मोजून. तुला वाटत असेल जागा कमी लागतेय, छान चाललंय. जुने महिने गेले रे, ते आता परत नाही येत.

आता नीट कर. पर्सेंट कॅपिटल एफ वापर, एकाच अक्षरात वर्ष-महिना-दिवस मिळतं, कॅपिटल-स्मॉलची भानगडच नको. वर्ष आधी आलं की नावाप्रमाणे लावलेली यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते, दिवस आधी ठेवलास तर सगळ्या महिन्यांच्या १ तारखा एका घोळक्यात आणि २ तारखा त्यांच्या मागे. वेळ पण हवी असेल तर पर्सेंट कॅपिटल टी टाकू नकोस, त्यात कोलन येतो आणि विंडोजला फाइलच्या नावात कोलन चालत नाही, त्यापेक्षा कॅपिटल एच, कॅपिटल एम, कॅपिटल एस (तास, मिनिट, सेकंद) सलग लिही, प्रत्येकाआधी पर्सेंट. आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला एकदाच वेळ घेऊन व्हेरिएबलमध्ये ठेव, दर ओळीला नवीन डेट बोलावलीस तर एखाद दिवशी मधेच बारा वाजतात आणि अर्धं काम कालचं, अर्धं आजचं.

एक बरंय की तू क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून, फक्त स्क्रिप्ट बोलावतोस. मी हुशारी करून डेटसकट अख्खी कमांड क्रॉनटॅबमध्येच, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलमध्येच, लिहिली होती. हाताने चालवली की चकाचक, क्रॉनमधून काहीच नाही, ना फाइल ना काही. आठ दिवस मी परमिशन तपासतोय, पाथ तपासतोय, मशीनला शिव्या घालतोय. शेवटी कळलं की क्रॉनटॅबमध्ये पर्सेंट म्हणजे नवी ओळ, पहिल्या पर्सेंटपाशी कमांड कापली जाते. प्रत्येक पर्सेंटच्या आधी बॅकस्लॅश द्यावा लागतो. मॅन पेजमध्ये, म्हणजे सोबत येणाऱ्या माहितीपानात, स्पष्ट लिहिलंय, पण मॅन पेज वाचतो कोण आधी.

तू मागच्या महिन्याचा रिपोर्ट काढणार म्हणालास ना, तिथे खरा खड्डा आहे, मी पडलोय म्हणून सांगतो. लिनक्सवर डेट डॅश डी देऊन साध्या इंग्रजीत 'वन मंथ अगो' म्हणता येतं, भारी वाटतं, मी पण खूश होतो. मग आली ३१ मार्च. एक महिना मागे म्हणजे ३१ फेब्रुवारी, ती तर नसतेच, मग ते बिचारं पुढे सरकून ३ मार्च करतं, लीप वर्ष असेल तर २ मार्च. माझा 'फेब्रुवारीचा' रिपोर्ट मार्चचा निघाला आणि मी तो न बघता पाठवून दिला. म्हणून आधी चालू महिन्याची १५ तारीख बनवायची आणि त्यातून महिना वजा करायचा, १५ तारीख सगळ्या महिन्यांत असते. हे जीएनयूच्या (लिनक्सवरची डेट कमांड त्यांचीच) मॅन्युअलमध्येच सुचवलंय, माझी अक्कल नाही.

त्या महिन्यावर पुढे गणित करणार असशील तर अजून एक, ०८ आणि ०९ ला बॅश (तुझी स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) अडखळतं, पुढे शून्य दिसला की त्याला तो आकडा ऑक्टल वाटतो, आणि ऑक्टलमध्ये ० ते ७ एवढेच अंक असतात. सात महिने सुरळीत आणि ऑगस्टमध्ये एरर. पर्सेंट आणि एमच्या मधे डॅश टाकला की शून्य जातो, पण हे जीएनयूचंच, सगळीकडे चालेल असं धरू नकोस.

टाइमझोनचं तू विचारलं नाहीस तरी सांगतो. कमांडच्या आधी टीझेड (टाइमझोनचं सेटिंग) इक्वल टू एशिया/टोकियो लिहिलं की टोकियोची वेळ दिसते, मशीनचं घड्याळ जागचं हलत नाही. पण तीन अक्षरी शॉर्टफॉर्म देऊ नको. आयएसटी भारताचं पण, इस्रायलचं पण, आयर्लंडचं पण. आणि लिनक्सवर टीझेडला नुसतं आयएसटी दिलंस तर एरर येत नाही रे, वेळ यूटीसीची (जगाची प्रमाणवेळ) दाखवतं आणि पुढे शिक्का आयएसटीचा मारतं! चूक दिसायला इतकी बरोबर असेल तर पकडणार कशी. मी तर लॉगमध्ये डॅश यू लावून सरळ यूटीसी ठेवतो, माणसाला दाखवायच्या वेळी बदलतो.

आता त्या उरलेल्या ३१ फाइली. नाव चुकलं तरी फाइल शेवटची कधी लिहिली गेली ते सिस्टिमला माहीत असतं. डेट डॅश आर आणि पुढे फाइलचं नाव दिलं की तीच तारीख मिळते, हव्या त्या फॉरमॅटमध्ये. एक लूप फिरव आणि नवीन नावं दे. दोन गोष्टी मात्र सांभाळ. मॅकवर करू नकोस, तिथे डॅश आरला सेकंदांचा आकडा पण देता येतो, उगाच गोंधळ, सरळ सर्व्हरवरच कर. आणि त्याआधी फाइली कॉपी करून इकडेतिकडे हलवू नकोस, मूळ तारीख जपणारा डॅश पी न लावता कॉपी केल्या की सगळ्यांवर आजची तारीख बसेल आणि मग खरंच काही हाती उरणार नाही. लूपमध्ये नाव बदलणाऱ्या एमव्हीच्या आधी एको (नुसतं छापणारी कमांड) लावून पहिल्यांदा नुसती नावं छापून बघ, ती यादी मला पाठव, मी जागाच आहे.

तुझाच