ताई, तू मला हळू पळवलंस त्याबद्दल

प्रिय ताई,

हे खरं तर माझ्या १०,००० मीटरच्या रेसच्या दिवशीच बोलायला हवं होतं, पण त्या दिवशी तुझ्या गळ्यात पडून रडले आणि थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं, मग तुझी बदली झाली आणि फोनवर बोलायला गेलं की तू विषय बदलतेस. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय. कोच म्हणून तू माझ्यासाठी जे केलंस ते आणखी एखादीच्या कामी आलं तर मला फार बरं वाटेल.

तू मला पहिल्यांदा ट्रॅकवर पाहिलंस तेव्हा १०,००० मीटरमधला माझा बेस्ट टाइम ४२:३० होता आणि दोन वर्षं तो जागचा हलला नव्हता. आधीच्या ग्रुपमध्ये रोजचं पळणं म्हणजे रोजची शर्यत, जरा मागे पडलं की बोलणी खायची, त्यामुळे मी आरामात पळायचा ईझी रनसुद्धा किलोमीटरला ४:५० मिनिटांनी काढायचे आणि इंटरव्हलच्या, म्हणजे मधे थांबत जोरात पळायच्या, दिवशी पायात जीवच नसायचा. तू शेजारी येऊन पळायला लागलीस आणि म्हणालीस, सतराचा पाढा म्हण. मला कळेना हे काय. म्हणायला लागले आणि सतरा चोकपर्यंत पोचेपर्यंत श्वास तुटला. "मग हा ईझी रन नाहीये," एवढंच बोललीस आणि मला ५:४० वर आणलंस.

पहिले दोन महिने मला ते अपमानासारखं वाटलं, आज कबूल करते. सगळे पुढे निघून जायचे आणि मी तुझ्यासोबत पाढे म्हणत मागे. पण तू नुसतं हळू पळ म्हणून सोडून दिलं नाहीस, कारण समजावलंस. हळू आणि जास्त वेळ पळाल्यानं स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशींमधले ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं, आणि हे सगळं व्हायला महिनेच्या महिने लागतात, रोज धापा टाकून ते लवकर होत नाही. आर्थर लिडियर्डचं तूच सांगितलंस, की न्यूझीलंडचा हा कोच आपल्या ८०० मीटरच्या धावपटूलाही आठवड्याला १६० किलोमीटरपर्यंत पळवायचा, आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या पीटर स्नेलनं ८०० मीटरला आणि मरे हॅलबर्गनं ५,००० मीटरला एकाच दिवशी गोल्ड घेतलं. ते ऐकल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की आपण मागे पडत नाहीये, पाया भरतोय.

पण ताई, सगळ्यात मोठे आभार नडगीचे.

माझी उजवी नडगी दुखत होती आणि मी ती लपवत होते, कारण रेसला नऊ आठवडे उरले होते. स्ट्रेचिंग करताना तू मला खाली बसवलंस आणि अंगठ्यानं हाड वरून खाली दाबत आलीस, हळूहळू, बोटभर बोटभर. एका जागी मी ओरडले. दुखणं पसरट असतं तर वेगळी गोष्ट होती, पण हाडावर एकाच ठिकाणी कळ येते म्हणजे पळणं बंद, आजपासूनच, असं म्हणालीस. आणि मग जे मला आजवर एकाही कोचनं विचारलं नव्हतं ते तू अगदी साध्या आवाजात विचारलंस, पाळी शेवटची कधी आली होती? पाच महिने झाले होते. मला तर उलट वाटायचं की ट्रेनिंग चांगलं चाललंय म्हणून बंद झाली असेल, आधी तसंच ऐकलेलं, वर वजन अजून उतरव हेही ऐकलेलं.

एमआरआयमध्ये स्ट्रेस रिअ‍ॅक्शन निघाली, म्हणजे हाडाला तडा जायच्या आधीची इजा. डॉक्टरांकडे माझ्यासोबत तू बसलीस. पळण्यात खर्च होणारी एनर्जी खाण्यातून भरून निघाली नाही की शरीर एकेक काम बंद करत जातं, इस्ट्रोजेन घटतं, पाळी थांबते, हाडं कमजोर होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये या सगळ्याला रेड-एस (खेळाडूंमधली ऊर्जेची सापेक्ष कमतरता) असं नाव दिलं आणि हे मुलग्यांनाही होतं. हे वाचणाऱ्या मुलींनो, पाळी थांबणं ही चांगल्या ट्रेनिंगची खूण नाही, प्लीज डॉक्टरांकडे जा.

ती रेस गेली. सहा आठवडे पळणं बंद आणि रोज पाण्यात कमरेला बेल्ट बांधून जागच्या जागी पळायचं, इतकं कंटाळवाणं दुसरं काही नसेल, आणि तू काठावर स्टॉपवॉच घेऊन उभी. पोटभर खायला लागले. चौथ्या महिन्यात पाळी परत आली तेव्हा पहिला मेसेज तुलाच केला होता.

मग पुढच्या वर्षीची ती रेस. चाळीस मिनिटांच्या आत यायचं तर ट्रॅकच्या पंचवीस फेऱ्या, म्हणजे लॅप, प्रत्येकी ९६ सेकंदांनी हवेत, आणि तू सांगितलंस ९७ नं सुरू कर. केनियाच्या केल्विन किप्टमनं २०२३ ला शिकागोमध्ये २:००:३५ चा मॅरेथॉन रेकॉर्ड केला तेव्हा पहिला अर्धा भाग ६०:४८ आणि दुसरा ५९:४७ होता, म्हणजे दुसरा जास्त वेगात, हे तू मला आदल्या रात्री परत एकदा ऐकवलंस. पहिल्या किलोमीटरला मी शेवटून तिसरी होते आणि दर लॅपला तुझा एकच आवाज, "थांब, थांब." निम्मं अंतर २०:१२ ला झालं. सतराव्या लॅपनंतर तू म्हणालीस, "आता जा," आणि ताई, पाय खरंच होते! पुढच्या मुली एकेक करून जवळ येत गेल्या आणि मी त्यांच्या बाजूनं निघून गेले, असं मला आयुष्यात कधी पळायला मिळालं नव्हतं. ३९:४८.

तू पेननं लॅप टाइम लिहिलेला तो कागद माझ्याकडेच आहे, घड्या पडून मऊ झालाय. चोवीस ओळींत आकडे आहेत. पंचविसावी ओळ रिकामी आहे, कारण तेव्हा तू पेन टाकून रेलिंगच्या कडेनं माझ्यासोबत ओरडत पळत होतीस.

तुझीच,
पाढे म्हणणारी

(उद्या ईझी रन आहे, ५:४० नंच.)