स्वस्ताईने माणसं गप्प बसत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला गोव्यावरचा लेख वाचला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. लेखकमहाशयांचं म्हणणं असं की पोर्तुगीज अमलात गोव्यात स्वस्ताई होती, कर बेताचे होते, चोऱ्यामाऱ्या नव्हत्या. मग गोवेकरांना पोर्तुगालपासून वेगळं व्हायचं कारणच काय होतं? मुक्तीची सगळी हाकाटी म्हणे सीमेपलीकडून आली. लेखकांच्या वयाचा आणि वाचनाचा मला आदर आहे. पण हे विधान तुम्ही चौकटीत, ठळक अक्षरांत छापलंत, म्हणून उत्तर द्यावंच लागतं.

स्वस्ताई होती, कबूल. भारताने नाकेबंदी केल्यावरही हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा, जपानचं सिमेंट गोव्यात उतरत होतं. खाणी जोरात होत्या, पैसा खेळत होता. पण वसाहतीतल्या माणसाचं मन बाजारभावावर ठरतं हे लेखकांना कोणी सांगितलं? तो आधी स्वातंत्र्य मागतच नाही. तो बरोबरी मागतो. अर्ज करतो, दाद मागायला राजधानीपर्यंत जातो, राज्यकर्त्यांच्या भाषेत त्यांच्याहून चांगलं लिहून दाखवतो. एवढं करूनही ‘तू आमच्या पंक्तीतला नव्हेस’ हेच उत्तर मिळत राहिलं की तो वेगळं होण्याची भाषा बोलू लागतो.

गोव्यात हे पुन्हा पुन्हा घडलं. १७८७चा पिंटोंचा कट काय होता? गोव्यातल्या ख्रिस्ती धर्मगुरूंना वरच्या जागा नाकारल्या जात होत्या. त्यांच्यातले दोघे दाद मागायला थेट लिस्बनला गेले आणि रिकाम्या हातांनी परतले. मग कट शिजला, फुटला आणि १५ जणांना देहदंड झाला. धर्माने, शिक्षणाने, नावागावाने जे राज्यकर्त्यांना सगळ्यांत जवळचे, त्यांची ही गत. पुढे १८३५मध्ये बेर्नार्दो पेरिस द सिल्वा या गोमंतकीयाला लिस्बनहून रीतसर गोव्याचा प्रमुख नेमून पाठवलं, तर इथल्या गोऱ्यांनी आणि लष्कराने अवघ्या १७ दिवसांत त्यांना हुसकावलं. १८९५मध्ये पोर्तुगीज लष्करातल्या मराठा शिपायांना आफ्रिकेतल्या मोझांबिकला लढायला जा म्हणून हुकूम झाला. तो त्यांनी मोडला आणि सत्तरीत दादा राण्यांचं बंड पेटलं. यातलं काय सीमेपलीकडून आलं होतं?

आणि १९३०चं काय? लेखात त्याचा उल्लेखच नाही, याचं मला सगळ्यांत वाईट वाटलं. १९१०मध्ये पोर्तुगालात राजा गेला, प्रजासत्ताक आलं आणि गोव्यातल्या हिंदूंना प्रथमच बरोबरीचे हक्क मिळाले. शाळा निघाल्या, वाचनालयं निघाली, आमच्या आजोबांच्या पिढीला वाटलं की आता आपण खरेच नागरिक. वीस वर्षांत पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा झालेल्या सालाझारने वसाहत कायदा आणून लिहूनच टाकलं की समुद्रापारचे प्रदेश ताब्यात ठेवणं आणि तिथल्या लोकांना सुसंस्कृत करणं हे पोर्तुगीज राष्ट्राच्या मूळ प्रकृतीतच आहे. गोव्याच्या विधिमंडळात लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी त्याला तिथल्या तिथे ठराव मांडून उत्तर दिलं: आपलं भवितव्य आपण घडवायचा प्रत्येक समाजाचा जन्मसिद्ध हक्क आम्ही सोडत नाही. हा माणूस पोर्तुगीजमधला नावाजलेला लेखक-पत्रकार. त्याला काय सीमेपलीकडून चिथावणी होती?

आता घरचं सांगते. माझे आजोबा कुठल्याही चळवळीत नव्हते. डिचोली तालुक्यात कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आणि थोडी भातशेती. पोर्तुगीज वर्तमानपत्र रोज वाचायचे, घरपट्टी मुदतीआधी भरायचे, साहेब दिसला की टोपी काढायचे. त्यांचे थोरले बंधू मात्र १९४६च्या गोव्यातल्या स्वातंत्र्य आंदोलनात पकडले जाऊन सुटून आलेले. पुढे काही वर्षांनी आत्याचं लग्न ठरलं. त्या काळी गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या शिक्क्याशिवाय छापता येत नसे. आजोबा मसुदा घेऊन कचेरीत गेले. दोन दिवसांनी या, चार दिवसांनी या, असं करत शेवटी कागद हातात मिळाला तर निमंत्रकांत सर्वांत वर असलेलं थोरल्या भावाचं नाव तांबड्या पेन्सिलीने खोडलेलं. आजोबांनी विनवलं की घरचे कर्ते तेच, त्यांच्या नावावाचून पत्रिका निघाली तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. समोरच्या अधिकाऱ्याने मान वर न करताच सांगितलं, नाव राहिलं तर शिक्का मिळणार नाही.

पत्रिका त्या नावावाचून निघाली. माझ्या थोरल्या आजोबांनी लग्नात कन्यादानाला उभं राहायचं नाकारलं; ज्या घरातून माझं नाव काढलं जातं तिथे मी कोण, असं ते म्हणाले. दोघा भावांत त्यानंतर वर्षभर बोलणं नव्हतं. आत्या आज नव्वदीच्या पुढे आहे. लग्नाचा विषय निघाला की अजून ती उठून आत जाते. आणि पट्टी मुदतीआधी भरणारे माझे आजोबा? त्या लग्नानंतर आमच्या माडीवर रात्री कोण येऊन जेवून जायचं, कुळागरातल्या खोपीत कसले कागद असायचे, ते फक्त आजीला ठाऊक होतं. त्यांना कोणी भाषण ऐकवलं नव्हतं. एका पेन्सिलीच्या रेघेने ते पाखल्यांपासून, म्हणजे पोर्तुगीजांपासून, कायमचे तुटले. लेखकांना कारण हवं होतं ना? हे घ्या.

कोणी म्हणेल, सालाझारच्या राज्यात खुद्द पोर्तुगीज माणसालाही बोलायची मुभा नव्हती. खरं आहे. पण म्हणून आम्ही ते मुकाट सोसायचं होतं का? १९५१मध्ये कायद्यात वसाहतीचं नाव बदलून प्रांत केलं, त्याने आमच्या कचेरीतली तांबडी पेन्सिल थांबली नाही.

‘बाहेरचे’ म्हणून ज्यांना हिणवलंय त्यांच्याबद्दल एवढंच. १९५५मध्ये पुण्याहून सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे सत्याग्रहाला आले, माझ्या लेखी ते घरचेच. पण पोर्तुगालच्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवलेले त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, राम हेगडे, हे तर गोव्याच्याच मातीतले होते. मोहन रानडे तर गोवा मुक्त झाल्यावरही १९६९पर्यंत पोर्तुगीजांच्या तुरुंगात होते. स्वस्त बटाट्यांवर अर्धा स्तंभ खर्च करणाऱ्या लेखात यांच्यापैकी एकाचंही नाव येऊ नये?

जाता जाता आणखी एक. आमच्या इथल्या सार्वजनिक वाचनालयाने गोवा मुक्तिलढ्याच्या आठवणींची पुस्तकं माळ्यावर टाकून तिथे स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शकं लावली आहेत. मागितली तर ‘शिडी नाही’ म्हणतात. पुस्तकं अशी माळ्यावर गेली की मग असे लेख लिहिले जातात आणि छापलेही जातात.

आणि लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘डॉ. लोहिया, पणजी, १८ जून १९४६’ असं छापलंय. लोहियांची त्या दिवशीची सभा मडगावला झाली, मैदानाला आज लोहियांचंच नाव आहे. लेखकांच्या मताचं मी काही करू शकत नाही, पण ही ओळ तरी उद्याच्या अंकात पहिल्या पानावर दुरुस्त करून छापा.

आपली,
एक जुनी वाचक, बेळगाव