पोलीस केस नाही, नुसता दंड

ड्युसेलडॉर्फ

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फराळाचा डबा पोचला. चकल्या निम्म्या मोडल्या होत्या, पण चुराही चमच्यानं खाल्ला. थंडी, कोट, जेवण सगळं ठीक.

आता मुद्द्याचं. आत्याच्या बंड्यानं ‘पोलीस केस झालीय’ असं तुम्हाला कळवलं म्हणे. इथे आला होता तेव्हा टेबलावरचं पाकीट पाहिलं आणि अर्धवट वाचून गावभर केलं. बाबा, केस नाही. व्हिसाला धक्का नाही, नोकरीला तर मुळीच नाही. गाडी जरा जोरात चालवली, त्याचा दंड आहे. तोही जर्मनीचा नाही, नेदरलँड्सचा.

इकडे जर्मनीत हायवेवर बऱ्याच पट्ट्यांत वेगाला मर्यादाच नाही. 130 नं चालवा, एवढी नुसती शिफारस. पाऊण तासात व्हेन्लोपाशी नेदरलँड्सची सरहद्द लागते. लागते म्हणजे काय, बारा ताऱ्यांची निळी पाटी मागे जाते, बस. मला तरी ना नाका दिसला, ना शिपाई. पलीकडे मात्र सकाळी 6 ते संध्याकाळी 7 शंभरच्या वर जायचं नाही. नायट्रोजनचं प्रदूषण कमी व्हावं म्हणून 2020 च्या मार्चपासून हा नियम आहे. मला ठाऊक होता. पाय अजून जर्मनीतच होता.

काही आठवड्यांनी पत्र आलं, तेही जर्मनमध्ये. गंमत ऐका. मोजलेला वेग 115. यंत्राचीही चूक होऊ शकते, म्हणून शंभरच्या वर तीन टक्के सोडतात. 115 चे तीन टक्के साडेतीनला थोडे कमी, पण माझ्या बाजूनं पूर्ण 4 धरले. उरले 111. म्हणजे गुन्हा 15 चा नाही, 11 चा. ज्याला दंड करायचा त्यालाच आधी सूट, भाजीवाली कढीपत्ता वर टाकते तशी! आणि मग पत्र पाठवायच्या खर्चाचे 9 युरो वेगळे लावलेत.

गाडी कोण चालवत होतं, हे विचारलंच नाही. गाडी ज्याच्या नावावर, दंड त्याला. ऑफिसातला जर्मन सहकारी यावर माझ्यापेक्षा जास्त चिडला, कारण इथे चालवणारा कोण ते आधी ठरवावं लागतं.

बंड्या म्हणतो, दुसऱ्या देशाचा दंड, कोण येतंय वसुलीला? येतात. नाही भरला तर रक्कम टप्प्याटप्प्यानं वाढत जाते. आणि 70 युरो किंवा जास्त असेल तर बॉनमधलं जर्मन सरकारचं खातं तो इथे वसूल करतं, 2010 पासून. वसूल झालेले पैसे जर्मनीच ठेवते, ही आणखी मजा. चुकांबद्दल लायसन्सवर जे गुण चढतात, ते मात्र अशा दंडाचे इथे चढत नाहीत. मी त्याच रात्री भरून टाकला. रक्कम सांगत नाही, आई लगेच शंभरनं गुणेल.

बाबा, पुण्यातल्या माझ्या बाइकवरची हेल्मेटची ई-चलनं तुम्ही लोकअदालतीत रांग लावून मिटवलीत. मी फोनवर ‘बघू नंतर’ म्हणत राहिलो. आता ती बाइक विकून टाका, पैसे तुमच्याकडेच ठेवा.

या महिन्यात हप्त्याला थोडे कमी पाठवतोय. दंडामुळे नाही, हिवाळ्याचे टायर घ्यावे लागले. डिसेंबरात भरून काढतो. त्यासाठी मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलू नका, खरंच.

आणि आई, त्या पत्रावर तारीख आहे. बंड्यानं सांगितली असेल तर तू विचारशीलच. दसऱ्याचा दिवस. ऑफिसचं काम आहे म्हणून फोन ठेवला होता. मावशीनं सुचवलेलं नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनचं स्थळ मी न बघता नको म्हणालो होतो ना, तिलाच भेटायला निघालो होतो. ती तिसरी भेट. उशीर झाला होता, म्हणून जोरात. मावशीला एवढ्यात सांगू नकोस, आणि पत्रिका घेऊन तर बसूच नकोस.

आजीला नमस्कार.

तुमचा,
बाळू

ता. क. चकल्यांचा चुरा मी एकट्यानं खाल्ला नाही. ती म्हणाली, भाजणीत धणे जरा जास्त झालेत.