काजवा नक्की कुठं बसलाय?

आयोवा सिटी,
७ जुलै

तीर्थरूप बाबा व आई यांस,
शि. सा. नमस्कार.

रविवारी बाबांनी फोनवर विचारलं, "कॅमेऱ्यात उजेड दिसतोच ना? मग चार वर्षं गणित कसलं करतेस?" मागून आईचा आवाज आला, "उंदीर मारते का गं ती?" दोन्हींची उत्तरं फोनवर धड देता येत नाहीत. रेंज गेली की तुम्ही हॅलो हॅलो करत अंगणात जाता आणि तिकडून मांजराचंच ऐकू येतं. म्हणून लिहायला बसले.

आधी इथले काजवे. आपल्याकडे मृगाचा पाऊस जोरात लागला की ते जातात, इथं जुलैभर असतात. पण हिरड्याचं अख्खं झाड एकदम पेटतं आणि एकदम विझतं, तसं काही इथं नाही. इथला काजवा गवतावरून वर उठताना पिवळी आकड्यासारखी रेघ ओढतो आणि विझतो. प्रत्येकाचा कारभार स्वतंत्र. बाल्टिमोरला मॅकलरॉय नावाचे प्राध्यापक होते, ते १९४७ च्या सुमारास शाळकरी पोरांना शंभर काजव्यांमागे पंचवीस सेंट देत. पिंट्याला हे सांगू नका, पुढच्या जूनला झाडं रिकामी करील. काजवा ज्याच्या जोरावर चमकतो ते ल्युसिफरेज, त्याचं जनुक याच जातीतून १९८५ साली वेगळं काढलं गेलं. आम्ही ते कॅन्सरच्या पेशींत घालतो आणि त्या पेशी उंदरात वाढू देतो. मग ल्युसिफेरिनचं, म्हणजे ल्युसिफरेज जे जाळून उजेड करतं त्या इंधनाचं, इंजेक्शन द्यायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, उंदराला भूल देऊन ऊबदार पाटावर काळ्याकुट्ट पेटीत निजवायचं. वर उणे नव्वद अंशांपर्यंत गार केलेला कॅमेरा. अंधारात पाच मिनिटं बघत बसला की त्याला उंदराच्या पाठीवर एक मंद ठिपका दिसतो.

आता बाबांचा प्रश्न. लोडशेडिंग असलं की आम्ही टॉर्चच्या तोंडावर तळहात दाबून धरायचो, आठवतं? तळवा लालभडक व्हायचा, पण हाडं काही दिसायची नाहीत. उजेड तर आरपार आलेला असतो. मग? तो वाटेत भरकटलेला असतो. मांसात शिरलेला किरण मिलिमीटरच्या दहाव्या भागात कशावर तरी आपटतो आणि थोडा वळतो. असं मिलिमीटरभर झालं की आपण कुठून निघालो हे तो विसरलेला असतो. राजूरच्या बाजारात हात सुटलेल्या पोरासारखी गत. त्यामुळं पाठीवर दिसतो तो नुसता फुगीर डाग. आत मोहरीएवढी गाठ खोलवर तेजात पेटली असेल, किंवा कातडीखालीच पसरट काहीतरी मिणमिणत असेल. डाग जवळजवळ सारखाच.

सुलटं गणित सोपं आहे. गाठ इथं आहे असं धरलं तर बाहेर काय दिसेल, ते काढता येतं. उंदराचा सीटी स्कॅन काढायचा, त्याच्या अंगाचे संगणकात हजारो बारीक चतुष्फलक, म्हणजे चार बाजूंचे तुकडे, पाडायचे आणि प्रत्येकातून उजेड कसा पाझरेल ते मांडायचं. माझं काम उलटं. बाहेरचा डाग हातात आहे, आत कुठला तुकडा पेटलाय ते सांगायचं. तुकडे वीस हजार, कातडीवरची मोजमापं हजारभर. बाबा, तुम्ही फळ्यावर दोन समीकरणं आणि तीन चलं आली की "पुस्तकात छपाईची चूक आहे" म्हणून पान उलटायचात. मला पान उलटायची सोय नाही. त्यातून मोजमापात इवलीशी गडबड झाली तर उत्तर पार भलतीकडं जातं. म्हणून वरून एखादी अट घालतात. तिखोनोव नावाच्या रशियन गणितज्ञाची अट अशी, की उत्तर जितकं बेताचं, तितकं बरं. दुसरी अट अशी, की पेटलेले तुकडे थोडेच असणार. मला ही दुसरी आवडते, पण पसरलेल्या गाठीचाही ती टिंब करून टाकते, हेही खरं.

मार्चमध्ये माझी फजिती झाली ती पहिल्या अटीनं. आम्ही खोटा उंदीर करतो: अगरच्या जेलीत सलाइनमधून देतात ती सोयातेलाची पांढरी चरबी आणि थोडी काळी शाई. त्या शाईला हे लोक 'इंडिया इंक' म्हणतात! त्यात आठ मिलिमीटर खोल बारीक दिवा पुरला. माझ्या गणितानं सांगितलं, दोन मिलिमीटर. चित्र इतकं गोल, गोजिरं आलं होतं की मी ते मीटिंगमध्ये ऐटीत दाखवलं. एका पोरानं पट्टी आणून दिव्याची तार मोजली.

कारण नंतर कळलं. कातडीजवळचा तुकडा जरासा पेटला तरी बाहेर भरपूर दिसतो, खोलातला मात्र दणकून पेटावा लागतो. बेताचं उत्तर हवं म्हटलं की गणित आपलं स्वस्तातलं, कातडीजवळचं उत्तर उचलतं.

वाट काढली ती रंगांनी. वरात लांब असली की नुसता धबधब ढोल येतो, सनई वाटेतच जिरते. जवळ आली की सनई ऐकू येते. तसंच रक्त हिरवा-पिवळा उजेड खातं, तांबडा सोडतं. काजव्याचा उजेड उंदराच्या अंगातल्या ऊबेनं तांबूस होतो खरा, पण त्यात दोन्ही असतात. म्हणून कॅमेऱ्यापुढं चार वेगवेगळे फिल्टर धरून चार फोटो काढायचे. हिरवट जितकं कमी उरलं, तितकी गाठ खोल. कोरोनात बाबांच्या बोटाला लावलेला तो ऑक्सिमीटर आठवा, त्याचंही काम असंच दोन उजेडांच्या हिशोबावर चालायचं. रंग धरले आणि खोल तुकड्यांना जरा झुकतं माप दिलं, तर दिवा सात मिलिमीटरवर आला. अजून एक मिलिमीटर चुकतोय.

आई, उंदरांचं. मरतात, खोटं कशाला सांगू. पण पूर्वी गाठ केवढी झाली हे बघायला दर आठवड्याला काही उंदीर कापावे लागत, आता तोच उंदीर आठवडाभरानं पुन्हा पेटीत निजवता येतो. माणसाच्या अंगात हे चालत नाही. आपल्या पेशींत काजव्याचं जनुक नाही, आणि एवढ्या जाडीतून उजेड बाहेर येणारही नाही.

लोणचं पोचलं, बरणीला तडा नाही. डिसेंबरच्या तिकिटाचं पुढच्या आठवड्यात कळवते. सकाळी सातला इंजेक्शनं आहेत, निजते.

तुमची लेक,
छकुली