टाकीचं बिल दाखवा

संपादक महोदय,

आमची सोसायटी ५६ घरांची. चार वर्षांपूर्वी महिन्याचा मेन्टेनन्स १,८५० रुपये होता, या एप्रिलपासून ४,२०० झाला. यजमानांच्या मागे मला फॅमिली पेन्शनचे १६,००० मिळतात. त्यातला चौथा हिस्सा तिथेच संपतो. वॉचमनचा पगार, लिफ्टची देखभाल, पंपाचं वीजबिल सगळंच वाढलंय, हे मला मान्य आहे. महागाई मला नव्याने सांगायला नको. पण पैसे नेमके कशावर खर्च झाले, एवढं विचारलं की कमिटीला राग येतो.

गेल्या सप्टेंबरात पार्किंगमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. २१ जण आले होते. हातात ताळेबंदाची पुसट झेरॉक्स, त्यात एक ओळ : टाकीचं वॉटरप्रूफिंग, २,४०,००० रुपये. मी चौथ्या मजल्यावर, टाकीच्या बरोबर खाली राहते. माझ्या बेडरूमच्या छताला ताटाएवढा ओलीचा डाग आहे, तो ऐन मे महिन्यातही सुकत नाही. काम कुणी केलं, कोटेशन किती आली, एवढंच मी विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, "काकू, ऑडिट झालंय. विषय वाढवू नका." लगेच मागून 'मंजूर, मंजूर' झालं आणि वडापावचे पुडे वाटायला घेतले.

नंतर मी लेखी अर्ज दिला, तर पोच मिळेना. रजिस्टर पोस्टाने पाठवला, त्याला चार महिने उलटले. मधल्या काळात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून माझा नंबर काढला गेला. खालच्या मजल्यावरचे एक काका इस्पितळात होते म्हणून दोन महिने पैसे भरू शकले नाहीत, तर २१ टक्क्यांनी व्याज लावून त्यांचं नाव लिफ्टशेजारच्या फळ्यावर लिहिलं. परगावी नोकरी असलेल्या एका सभासदाने फ्लॅट भाड्याने दिला. मालक स्वतः राहत नाही म्हणून त्याच्याकडून ना-वापर शुल्क या नावाने महिन्याला १,५०० घेतात. सेवा शुल्काच्या, म्हणजे वॉचमन, लिफ्ट अशा सोयींसाठी घेतल्या जाणाऱ्या रकमेच्या, १० टक्क्यांहून जास्त ना-वापर शुल्क घेता येत नाही, हा शासनाचा आदेश २००१ सालापासून आहे.

थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत व्याज आकारता येतं हे आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या कारभाराच्या नमुना नियमावलीत आहे. ५० च्या वर सभासद असलेल्या सोसायटीत दुरुस्तीचा खर्च एक लाखाच्या वर जात असेल तर आधी सर्वसाधारण सभेची मंजुरी हवी, हेही त्याच पुस्तकात आहे. आमच्याकडे आधी काम झालं, मग ते सभेपुढे आलं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ ने सभासदाला कागदपत्रं पाहायचा, फी भरून नकला घ्यायचा हक्क दिलाय. माझा अर्ज त्याच कलमाखाली होता.

कमिटीत यायला कुणी तयार नसतं, हेही खरं आहे. तरुण मंडळी सकाळी सातची लोकल पकडतात ती रात्री नऊला घरी येतात. काम बिनपगारी, वर बोलणी खायची. जी मंडळी वेळ देतात त्यांचे आभार मी सभेत उभी राहून मानले आहेत. पण तेच पाच जण दहा वर्षं खुर्चीवर राहिले की सोसायटीचा पैसा घरचा वाटायला लागतो. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर २५० पर्यंत सभासद असलेल्या सोसायट्या आपली निवडणूक आपणच घेतात. आमच्याकडे अर्ज भरायची नोटीस शनिवारी रात्री लागली, सोमवारी दुपारी मुदत संपली.

सहकार खात्याच्या निबंधकांकडे तक्रार करा, असं सगळे सांगतात. मी केली आहे. दर तारखेला पाय ओढत जायचं, कमिटीने मुदत मागायची, परत यायचं. माझ्या वयाच्या बाईने अशा किती खेपा घालायच्या?

सहकार खात्याला माझी विनंती आहे की सोसायटीचं बँकेचं स्टेटमेंट आणि दहा हजारांवरच्या प्रत्येक खर्चाचं बिल दर महिन्याला फळ्यावर लावणं सक्तीचं करावं. कागद नाकारल्याच्या तक्रारीवर महिन्याभरात निकाल द्यावा. थकबाकीदारांची नावं लावायला फळ्यावर जागा आहे, तर बिलांनाही होईल.

या महिन्याचा ४,२०० चा चेक मी वेळेत दिलाय. मागच्या बाजूला फ्लॅट नंबर लिहायचा असतो, त्याखाली मी लिहिलंय : टाकीचं बिल दाखवा.

— एक सभासद, ठाणे जिल्हा
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)